वरीलप्रमाणे

४ सप्टेंबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. इथली फरशी पाहिली असतीस तर 'तो कागदावरच घाल' असं तूच म्हणाली असतीस.

काल पोचलो. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानावर खोली मिळाली आहे. दिवसभर खालून हवा भरायच्या यंत्राची धडधड असते, पण खिडकी मोठी आहे आणि तिच्यातून दोन्ही टेकड्या दिसतात. डावीकडे पाणवठ्याची, तुझ्यामुळे तारेच्या कुंपणात बसलेली. उजवीकडे खाणीची, निम्मी खाऊन झालेली. मधे अडीच कोसांचं माळरान. फोनला रेंज नाही, आणि असती तरी तुला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा पत्रावरच भागवू.

निघताना साहेबांनी स्पष्ट सांगितलं की शोधाचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष; आधीची दोन वर्षं दुसरे येऊन रिकाम्या हाती गेले. एकतीस वर्षांपूर्वी तू आमच्याच वनस्पती सर्वेक्षणाच्या ऑफिसच्या कामावर असताना छिन्नीने काढून आणलेला तो नखाएवढा तुकडा, तेवढीच पिवळकाठी आजवर कुणी पाहिली आहे. त्या तुकड्याच्या जोरावर टेकडीला कुंपण पडलं, राखणदार नेमला गेला. आता साहेब म्हणतात, एका दगडफुलासाठी टेकडी किती वर्षं अडवून ठेवायची? नोव्हेंबरअखेर सापडली नाही तर तिच्यापुढे 'नष्ट' लिहायचं आणि कुंपण काढायचं. लिहिणार कोण, तर मी. लहानपणापासून जिच्या गोष्टी ऐकल्या तिच्यापुढे तो शब्द मला लिहायचा नाही, आत्या.

आतोबांनी त्या तुकड्याच्या पाकिटावर लिहिलेलं लेबल उतरवून आणलं आहे: 'पाणवठ्याची टेकडी, उत्तरेकडचा कातळ.' पण हा कातळ चांगला मैलभर पसरलेला आहे. नेमकं कुठे, कसं, आठवेल तेवढं कळव.

जाता जाता: खाणवाल्यांना त्यांच्या टेकडीची उत्तरेची बाजू फोडायची आहे. त्याचा ना-हरकत दाखलाही मीच द्यायचा आहे. ते अर्ध्या दिवसाचं काम, पुढच्या महिन्यात उरकेन.

तुझा
ठोंब्या

११ सप्टेंबर

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

तुझ्या बापाला तुला डॉक्टर करायचं होतं. मी तुला दगडांवरचे डाग बघायला लावलं, म्हणून वहिनी अजून माझ्याशी तोंड भरून बोलत नाही. तेव्हा निदान ते डाग तरी नीट बघ.

उभ्याने शोधशील तर सात जन्मांत सापडायची नाही. मांडी घालून बस. ती बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते, त्याच्या वर नाही आणि खाली नाही. आधी कातळावर पाणी शिंपड. कोरडी असताना ती दगडात दगड होऊन जाते. ओली झाली की पाच मिनिटांत राखाडीवर हिरवी झाक चढते आणि पिवळा काठ उठून दिसतो. हिरवी झाक आली तर जिवंत. नाही आली तर मेलेली, मग भिंगाने कितीही बघ.

मला ती सापडली ती बुटाच्या नाडीच्या कृपेने. नाडी तुटली म्हणून खाली बसले. टेकडीखाली घण चालू होते, त्या ठोक्यांवर मी नाडीला गाठ मारत होते, आणि मान वर केली तर नाकासमोर ही. आतोबा शेवटपर्यंत म्हणायचे, यात तुझी अक्कल काही नाही, नाडी करणाऱ्याचं पुण्य.

लेबलाबद्दल मात्र शंका घेऊ नकोस. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवून आतोबा घरी यायचे, रॉकेलच्या बोळ्याने हात पुसायचे, आणि मी माझी रानातली वही समोर ठेवली की तिच्यातलं एकेक पाकिटांवर उतरवायचे. चार हजार लेबलं लिहिली, एक वेलांटी चुकली नाही. ऑफिसात माझ्या नमुन्यांपेक्षा त्यांच्या अक्षराचं कौतुक जास्त. ते गेल्यावर मी एकही पाकीट केलं नाही, ते तू पाहिलंच आहेस.

वेळेवर जेव.

तुझी
आत्या

२० सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार, बसल्या बसल्या. आता मला उभं राहून काही करताच येत नाही.

चार दिवस कातळापुढे मांडी घालून सरकतो आहे. पँटचं बूड गेलं. राखणदाराला पहिल्या दिवशी वाटलं की मला चालता येत नाही, त्याने मुकाट्याने स्वतःची काठी आणून शेजारी ठेवली. भला माणूस आहे. तेवीस वर्षं या कुंपणाशी आहे. पिवळकाठी त्याने कधी पाहिलेली नाही, पण रोज संध्याकाळी चौकशी करतो, 'आज काही दिसल्या का बाई?' त्याच्या लेखी ती बाईच आहे.

आतापर्यंत सतरा जातींची दगडफुलं, दोन नेचे, कातळाच्या फटीत वाढलेली एक अळंबी. सगळं वहीत लिहिलं. बाई काही दिसल्या नाहीत.

एक विचारायचं होतं. तू घणांचे आवाज लिहिलेस. राखणदार जन्मापासून इथलाच, तो शपथेवर सांगतो की पाणवठ्याला कधी कुणी दगड फोडला नाही. त्या काळी घण चालायचे ते फक्त खाणीवर, आणि हाताच्या घणाचा आवाज अडीच कोसांवर यायचा नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या आत्याचं वय झालं, ती दोन दिवसांचा एक दिवस करते. रागावू नकोस. पण ती रानातली वही असेल तर पाठव, नाहीतर नुसतं ते पान उतरवून पाठव. लेबलात न आलेलं काहीतरी तिच्यात असेल.

तुझा
ठोंब्या

२७ सप्टेंबर

चि. ठोंब्या,

आशीर्वाद.

वय झालं हे खरं. घण मी दुसरीकडे कुठेतरी ऐकले असतील.

वही सापडली, पण वाळवीने खाल्लेली. ट्रंकेच्या तळाशी होती, पान उचललं की हातात भुगा येतो. त्या पानाची आशा सोड.

पाणवठ्यावर शोध, पण सारखं एकाच जागी बघून नजर मरते. मधे दोन-चार दिवस खाणीच्या टेकडीवर जा. दाखला द्यायचाच आहे ना, मग उत्तरेची बाजू बसत बसत बघ. अर्ध्या दिवसात उरकू नकोस, माझं ऐक. एखादी गोष्ट ध्यानीमनी नसताना भेटते. तिथे काही भेटलं तर शोध तुझा आणि नाव तुझं, मला मधे आणायची गरज नाही.

गुडघा दुखतो आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी
आत्या

६ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार. गुडघ्याला शेक दे, आणि माझी फजिती ऐक.

गेल्या गुरुवारी मी कातळापुढे ओरडलोच. राखणदार काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप. राखाडी डाग, पिवळा काठ, बरोबर बसल्या डोळ्यांच्या रेषेत. पाणी शिंपडलं. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो, हिरवं होईना. भिंग लावलं तर ऑइलपेंट. कुंपणाचे खांब दर दोन वर्षांनी पिवळे रंगवतात, त्या रंगाचा शिंतोडा. राखणदार माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, 'रंग मीच दिला होता हो. सांडू नये म्हणून जपून दिला होता.' मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर तीन दिवस तापाने खोलीत पडून होतो. उठलो तर दाखल्याची तारीख अंगावर आलेली. तू म्हणालीस म्हणून खाणीच्या टेकडीला खालच्या वाटेने एक फेरी मारली. बसत बसत बघितलं नाही, खरं ते सांगतो. अंगात कसकस होती, आणि आपली पद्धत तुला माहीत आहे: ज्या टेकडीच्या नावावर ज्याची नोंद, तेच तपासायचं. खाणीच्या टेकडीच्या नावावर काहीच नाही. फॉर्मवर 'वनस्पती' या रकान्यात 'निरंक' लिहिलं, आणि खाली 'अळंबी' व 'दगडफुले' या दोन्ही रकान्यांत 'वरीलप्रमाणे'. सही केली, एक काम डोक्यावरून उतरलं. आता उरलेले दिवस सगळे पाणवठ्याला.

तुझा
ठोंब्या

१२ ऑक्टोबर

चि. ठोंब्या,

हे पत्र मिळताच आधी साहेबांकडे जा आणि खाणीचं काम थांबव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र काल आलं. त्यात 'वरीलप्रमाणे' हा शब्द वाचला आणि मला पुढचं वाचवेना. पिवळकाठी खाणीच्या टेकडीवर आहे. पाणवठ्यावर ती कधीच नव्हती.

वहीला वाळवी लागलेली नाही. गेल्या पत्राच्या वेळीही ती माझ्यासमोर उघडी होती. क्रमांक २१२, एक नेचा, 'खाणीची टेकडी, उत्तरेकडचा कातळ'. खाली २१३, पिवळकाठी, आणि ठिकाण 'वरीलप्रमाणे'. हात गारठले होते, पूर्ण पत्ता पुन्हा लिहायचा कंटाळा केला. तरी तेवढं बरोबर होतं. पण त्याच आठवड्यात पाणवठ्याच्या टेकडीवरून एक अळंबी आणली होती, ती लिहायची राहिली. घरी आल्यावर आठवलं. पान उलटून खाली लिहायचं सोडून मी ती २१२ आणि २१३ यांच्यामधल्या फटीत बारीक अक्षरात कोंबली: '२१२ अ, पाणवठ्याची टेकडी, उत्तरेकडचा कातळ'. आतोबा लिहायला बसले. 'वरीलप्रमाणे' वाचलं, वर पाहिलं, वर अळंबी होती. त्यांचं काय चुकलं? दुकानदार देईल ते पाटीवर जसंच्या तसं उतरवायचं, एवढं त्यांना माहीत होतं.

मग ते लेबल मी इतक्यांदा वाचलं, लोकांना इतक्यांदा सांगितलं, की मला तीच टेकडी आठवायला लागली. घण तेवढे कुठूनतरी शिल्लक राहिले. तू घणांबद्दल विचारलंस म्हणून ट्रंक उघडली.

तरी तुला खोटं लिहिलं. मनाशी म्हटलं, लोक आतोबांना नावं ठेवतील. दोन आठवडे हेच घोकत होते. पण आतोबांना पुढे करून मी मलाच झाकत होते, ठोंब्या. एका खोट्या पत्त्याला कुंपण बांधायला लावणारी बाई, असं कुणी म्हणू नये एवढंच मला हवं होतं. वाटलं, तुला नुसतं बसत बसत फिरायला लावलं की ती तुलाच सापडेल, नवा शोध म्हणून तुझं नाव होईल, आणि वहीतलं वहीत राहील. मोठी शहाणी समजत होते स्वतःला.

पत्र रजिस्टरने पाठवते आहे. लवकर पोचो.

तुझी
आत्या

२५ ऑक्टोबर

ती. आत्या,

तुझं पत्र सतराला मिळालं. सुरुंग चौदाला लागले होते.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, 'काम थांबवू कशाच्या आधारावर? तुमच्याच सहीचं निरंक आहे माझ्याकडे.' मी वहीचं सांगितलं. ते म्हणाले, वही पाठवा, समिती बसवू. आत्या, उत्तरेच्या कातळाचा खालचा निम्मा भाग तोवर गेला होता. बसल्या माणसाच्या डोळ्यांइतकी उंची, ती सगळी त्याच निम्म्यात होती.

चार दिवस खडी फोडायच्या यंत्राशेजारी बसलो. प्रत्येक दगड यंत्रात जाण्याआधी बघायचा, हा एकच उद्योग. मुकादम सुरुवातीला ओरडला, मग त्याने माझ्यासाठी एक उलटं घमेलं आणून ठेवलं बसायला. चौथ्या दिवशी पाटाएवढी एक शिळा दिसली, पांढऱ्या धुळीने माखलेली. माझ्या बाटलीतल्या पाण्याने ती धुतली आणि थांबलो. पाच मिनिटांत हिरवी झाक चढली. अकरा ठिपके, सगळ्यांत मोठा तळहाताएवढा, आणि काठ तू म्हणायचीस तसाच पिवळा. मी तिथेच रडलो, सगळ्यांसमोर.

मुकादम म्हणाला, 'यासाठी बसला होता होय? मग आधी बोलायचं. तो अख्खा कातळ असाच पिवळ्या ठिपक्यांचा होता. आम्ही डबा खायला त्यालाच टेकून बसायचो.'

शिळा ट्रॅक्टरमधून पाणवठ्याला नेली. तुझ्या लेबलाच्या कातळावर, सावलीच्या बाजूला, खाचेत पक्की बसवली. कुंपण असलेली जागा तेवढी एकच होती. राखणदार आता दिवसातून तीनदा तिच्यापुढे जाऊन बसतो. मला म्हणाला, 'तेवीस वर्षं कशाची राखण केली ते कळलं नाही. आता निदान काहीतरी आहे.'

मी तुझ्यावर रागावलो आहे. सत्तावीस सप्टेंबरच्या पत्रात खरं लिहिलं असतंस तर ते मला सहीच्या आधी मिळालं असतं. आणि मी स्वतःवरही रागावलो आहे, कारण त्या फेरीत मी एकदा जरी खाली बसलो असतो तरी मला ती दिसली असती. यातलं कुठलं आधी मनात येतं ते रोज वेगळं असतं.

ठोंब्या

१ नोव्हेंबर

चि. ठोंब्या,

राग कर. या खेपेला टपली मारायचा अधिकार तुझा आहे.

खोटी आशा तुला देणार नाही, खोटं पुरेसं देऊन झालं. दगड हलवला की दगडफूल सहसा जगत नाही. दुसऱ्या जातींवर मी सहा वेळा करून पाहिलं आणि सहाही वेळा हात हलवत परत आले. वारा कुठून येतो, पाणी कसं ओघळतं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि हिच्या अंगावर तर सुरुंगाची धूळही बसली आहे. राखणदाराला सांग, रोज पाणी घालायचं नसतं, सकाळचं दव पुरे. नाहीतर नको सांगूस. घालू दे त्याला.

मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचते आहे. चष्म्याचा नंबर वाढला आहे, वेळ लागेल.

तुझी
आत्या

२९ नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार.

पाच तारखेपर्यंत अकराही ठिपके हिरवे व्हायचे. मग सात. मग दोन. गेल्या सोमवारपासून एकही होत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, परवा राखणदार आणि मी तासभर बसलो होतो. पिवळा काठ अजून आहे, पण तो आता त्या ऑइलपेंटसारखाच, नुसता रंग. राखणदार म्हणाला, 'आणखी थोडं पाणी घालू का?' मी हो म्हटलं. नाही म्हणवलं नाही.

खाणीवरही पुन्हा जाऊन आलो. वरचा निम्मा कातळ शिल्लक होता तो दोरावर लटकून पाहिला. काही नाही. तू बरोबर होतीस, ती वर जात नाही.

कुंपण पुढच्या आठवड्यात निघेल. राखणदाराला दुसरीकडे गेटवर बसवणार आहेत, कुठे ते अजून सांगितलेलं नाही. त्याने पिवळ्या रंगाचा उरलेला डबा माझ्याकडे आणून दिला. म्हणाला, हा सरकारी आहे, जमा करा.

साहेबांचा फॉर्म समोर आहे. जातीपुढे 'नष्ट' लिहिलं. त्याखाली दोन रकाने आहेत, 'कुठे होती' आणि 'शेवटची कुठे दिसली'. त्यांच्यापाशी पेन अडून बसलं आहे. तुझं उत्तर आल्याशिवाय पाठवत नाही.

राग बराचसा ओसरला. त्याच्या जागी काही आलेलं नाही.

तुझा
ठोंब्या

५ डिसेंबर

चि. ठोंब्या,

आशीर्वाद.

वही आज सकाळी ऑफिसला पाठवली, सोबत माझं पत्र. चूक माझी आणि अक्षर फक्त आतोबांचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

वाचून संपली. फटीत कोंबलेल्या ओळी आणखी नऊ सापडल्या, आणि नवांच्याही खाली 'वरीलप्रमाणे' आहे. प्रत्येक वेळी त्या बिचाऱ्या माणसाने वर पाहून इमानाने उतरवलं आहे. त्या नऊ वनस्पती खऱ्या कुठल्या, ते आठवायला मी आठ दिवस रोज डोळे मिटून बसले. एकही जागा आठवत नाही. डोळे मिटले की पाकिटावरचं लेबलच दिसतं, त्यांच्या अक्षरातलं. या वेळी घणही ऐकू येत नाहीत. त्यातलं काय कुठल्या टेकडीवर अजून जगतं आहे आणि कुणाच्या सहीने जाणार आहे, ते सांगणारं आता कुणी नाही. माझ्या चारही हजार पाकिटांवर 'ठिकाण संशयास्पद' असा शिक्का बसेल. बसायलाच हवा.

आता तुझा फॉर्म. 'कुठे होती' या रकान्यात लिही: खाणीची टेकडी, उत्तरेकडचा कातळ, बसल्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर. कातळ राहिला नाही तरी लिही. त्याच्या खाली 'वरीलप्रमाणे' लिहायला हात वळवळेल, आपल्या घराण्याची खोड आहे. ते लिहू नकोस, कारण ते या वेळीही खोटं ठरेल. शेवटची ती पाणवठ्याच्या टेकडीवर दिसली, उत्तरेकडच्या कातळावर. तेवढं सगळं पूर्ण लिही, आणि अक्षर नीट काढ.

तुझी
आत्या